आपल्याच मोहाखाली

मोहफुलांचा वास आला की ती घटना आजही आठवते आणि माझा सगळा दिवस वाया जातो. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. वाघ बघायला शहरातली माणसं यायला लागली होती, त्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट. ज्या गावासाठी कधी डांबरी सडक आली नाही, त्या गावात एका रिसॉर्टसाठी ती आली. उद्घाटनाच्या बंदोबस्ताला मीच होतो. विकास आणि रोजगारावर भाषणं झाली, गावातल्या पोरांनी पाहुण्यांना पाणी वाटलं. रिसॉर्टच्या रंगीत जाहिरातीवर जबडा उघडलेला वाघ होता आणि खाली छापलं होतं, ‘हमखास व्याघ्रदर्शन’. वाघ काय कुणाच्या घरचा गडी आहे, हाक मारली की हजर व्हायला?

चैत्रात एका सकाळी पोलीस पाटलानं वर्दी दिली. मोहफुलं वेचायला गेलेली एक बाई वाघानं मारली होती. तिचा नवरा त्याच रिसॉर्टमध्ये गाइड होता. आम्ही पोचलो तेव्हा तो प्रेताशेजारी बसून सांडलेली फुलं एकेक करून तिच्या टोपलीत भरत होता. जमादारानं दंडाला धरून उठवलं तरी उठेना. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, वनखात्याच्या लोकांसमक्ष पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं. पंजाचे ठसे स्पष्ट होते. पोलिसांच्या दृष्टीनं प्रकरण तिथंच मिटायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात रिसॉर्टची जीप चालवणारा माणूस ठाण्यात आला. चंद्रपूरच्या एका मुसलमान कुटुंबातला, पोक्त, मोजकं बोलणारा. चहा संपेपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, “साहेब, माझं नाव कुठी येऊ देऊ नका. वाघ आपल्या मनानं नाई आला. त्याले तिथी चारून राह्यले होते. गाड्या कुठी उभ्या करायच्या, तेबी ठरलं होतं.”

मी पुन्हा जागेवर गेलो. मोहाच्या बुंध्याची साल दोरानं घासून गेली होती. मुळाशी अंबाडीच्या दाव्याचा तुकडा अडकला होता आणि पलीकडच्या नाल्यात रेडकाची हाडं पडली होती. म्हणजे आमिष बांधत होते, यात शंका उरली नाही. बांधत कोण होतं, हा प्रश्न होता. गावात विचारलं तर सगळे जमिनीकडे बघत. खबरी लोकांची तोंडंही शिवल्यासारखी झाली होती.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आजूबाजूच्या सगळ्या मोहांखालचा पाचोळा फुलं वेचण्यासाठी झाडून जाळलेला होता. याच एका झाडाखाली तो तसाच होता. त्या बाईनं मरण्याआधी खराट्यानं झाडली, तेवढीच जागा मोकळी होती. या भागात मोहाची झाडं जंगलातली असली तरी रिवाजानं घराघरांत वाटलेली असतात. दुसऱ्याच्या मोहाखाली कुणी वाकत नाही. अशाच एका झाडापायी दोन घरांत झालेली डोकेफोड मी स्वतः तपासली होती.

“हे झाड कुणाचं?” मी जमादाराला विचारलं. तो गावातून चौकशी करून आला आणि हळूच म्हणाला, “तिच्याच घरचं, साहेब.”

नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. त्याच्यावर आवाज चढवायचीही गरज पडली नाही. दाव्याचा तुकडा टेबलावर ठेवला आणि तो रडायला लागला.

“आपल्याच झाडाखाली काऊन बांधलं रे?”

“दुसऱ्याच्या झाडाखाली बांधलं असतं तं दुसऱ्याची बाई गेली असती, साहेब. आपल्या मोहाखाली आपल्याशिवाय कोणीच येत नाई. तिले मी सांगतलं होतं, औंदा आपला मोह सोडून दे.”

“वाघाचं सांगितलं होतंस?”

“नाई. घरीबी बोलाचं नाई, असं मॅनेजरनं बजावलं होतं.”

“मग ती गेली कशाला?”

“बाया हासून राह्यल्या होत्या तिले. गाइडची बायको झाली, आता फुलं वेचाले लाज वाटते म्हणे.”

त्या सकाळी रेडकू बांधलेलं नव्हतं. वाघ मात्र सवयीनं आला.

मॅनेजरला बोलावलं. इस्त्रीच्या कपड्यांत आला आणि म्हणाला, “आमच्याकडे असलं काही चालत नाही. बक्षिसाच्या आशेनं त्यानं स्वतःच केलं असेल.” मला संताप आवरेना, पण संतापावर आरोपपत्र उभं राहत नाही. मी नवऱ्याला परोपरीनं समजावलं, मॅनेजरनं सांगितलं ते जबाबात येऊ दे. तो हटून बसला. “लिवा साहेब, म्याच बांधलं. रिसॉर्ट बंद पडलं तं गावातल्या पोरायनं कुठी जाव?”

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. जीपवाला समन्स गेल्यावर साक्षीला उभा राहिला आणि फितूर झाला. त्यालाही बायकामुलं होती. नवरा निर्दोष सुटला. मॅनेजर आरोपी झालाच नव्हता.

निवृत्तीनंतर नागपूरचे पाहुणे हट्टानं मला तिकडे घेऊन गेले. रिसॉर्ट दुप्पट वाढलं होतं. फिरताना जीप एका मोहाजवळ थांबली आणि आमचा गाइड, तिचा तोच नवरा, आता केस पांढरे झालेला, शांतपणे सांगू लागला, “इसी पेड़ के नीचे शेर ने एक औरत को मारा था.” पाहुण्यांनी फोटो काढले. त्यानं मला ओळखलं होतं. पाहुण्यांचं लक्ष नाही असं पाहून मी त्याला बाजूला घेतलं.

“हे तू काऊन सांगतोस?”

“मालकाचा हुकूम आहे, साहेब. सगळेच गाइड सांगतात. दुसरे हासून सांगतात. म्हणून इकडची फेरी मी मांगून घेतो.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी चोर पकडले, खुनी पकडले. माणसाला स्वतःच्याच घरावर वाघ आणायला लावणारा मात्र मला कुठल्याच कलमात सापडला नाही, आणि आता सापडेल अशी आशाही नाही.

जीप निघाली. झाडाखाली फुलांचा सडा पडला होता आणि गाड्यांच्या चाकांनी त्याचा लगदा झाला होता. ऐन हंगाम असूनही तिथलं एकही फूल कुणी वेचलेलं नव्हतं. गावाच्या लेखी तो मोह अजून तिच्याच घरचा होता.