वहिनींसारखा चहा

चार माणसं दर रविवारी एकाच स्टोव्हभोवती बसली की किस्से साचतातच. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मागून डोकं काढतो.

रविवारी सकाळी माझे तीन मित्र आमच्याकडे चहाला यायचे. पत्नी मसाला अख्खा आणायची आणि चहाच्या वेळीच खलबत्त्यात जेमतेम ठेचायची. ती गेली. दिवसकार्य आटोपलं आणि त्यानंतरच्या रविवारी तिघेही पुन्हा दारात! चादरीच्या कारखान्यातला जाधव म्हणाला, "मास्तर, वहिनींसारखा चहा जमंपर्यंत आमी येणार. जमला की पुन्हा तरास देणार न्हाय."

*

पहिली पाळी जाधवचीच. त्यानं मसाला ठेचलाच नाही. मिरी, लवंग, दालचिनीची काडी, सगळं अख्खं पातेल्यात. आणि गाळणी सापडेना म्हणून तसंच कपात. शिवप्पा दाताखाली आलेली मिरी चावत म्हणाला, "जाधव, ह्याच्यासंगं भाकरी पण दे की."

*

शिवप्पाचं नव्या पेठेत किराणा दुकान. मसाल्यातलं आपल्यालाच कळतं, हा त्याचा दावा. त्यानं कच्च्या दुधातच आलं किसलं. दूध फाटलं. बराच वेळ पातेल्यात बघून तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला. काय म्हणालास, असं विचारलं, तर म्हणाला, "दुधाला बोललो. तुमाला न्हाई."

*

नारायणराव बँकेत. घरी कधी पाण्याचा तांब्याही उचललेला नाही. बायकोनं चिमूटभर सांगितलेलं जायफळ त्यांनी अख्खं किसून घातलं. चहा फक्कड झाला. दुपारी बायको शोधत आली, तर ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंटरी चाललेली आणि आम्ही चौघे सतरंजीवर घोरत पडलेलो. तिनं हलवलं तेव्हा नारायणराव डोळे न उघडता म्हणाले, "थोडा उरलाय. तुझ्यासाठी ठेवलाय."

*

माझी पाळी मात्र येईचना. विचारलं, तर जाधव म्हणाला, "तुमी परीक्षक. चव तुमालाच ठावं." तेव्हापासून पहिल्या घोटाला तिघे माझ्या तोंडाकडे बघत. मी मान हलवून नाही म्हणे. मग ते मोकळेपणानं एकमेकांच्या चहाला नावं ठेवत आणि दुपारपर्यंत बसत.

*

एका रविवारी पुन्हा जाधवची पाळी आली. वेलदोडे सालीसकट ठेचले, सुंठ ठेचली, पाणी उकळू दिलं, दूध नंतर. वास ओसरीवर आला तेव्हाच आमचं बोलणं थांबलं. मी घोट घेतला. तोच चहा होता.

त्या दिवशी माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी मान वर करायच्या आधीच शिवप्पानं कप रिकामा केला, पुन्हा भरून घेतला आणि म्हणाला, "सुंठ कमी पडली."

"वेलदोडे जुने असावेत," नारायणराव कपातच बघत म्हणाले.

जाधवनं पातेलं तिरकं करून उरलेला सगळा चहा माझ्या कपात ओतला.

"न्हाय जमला, मास्तर," तो म्हणाला. "पुढल्या रविवारी बघू."