दोन रजिस्टरं शेजारी शेजारी

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीतला कारकून गेल्या आठवड्यात निवृत्त झाला. त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

सात वर्षांपूर्वी मी लेकीच्या मृत्यूचा दाखला आणायला गेले होते. नोंदीत कारण होतं, ताप. मला कागद घेऊन घर गाठायचं होतं. हा मात्र चष्मा कपाळावर चढवून दुसरंच रजिस्टर चाळत बसला.

"मावशी, बाळ कसं आहे?"

"मावशी काय? चार वर्षांनी मोठी असेन फार तर. आणि बाळाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जन्माच्या रजिस्टरनं. एकोणीस दिवसांपूर्वी हेच नाव आईच्या रकान्यात आहे."

तरुण बाईच्या मृत्यूची नोंद आली की दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवायची, ही त्याची पद्धत. वरून हुकूम नव्हता. कचेरीत त्याला 'गुप्तहेर' म्हणून चिडवत.

चूक माझीही होती. बाळंतपण एका दवाखान्यात, शेवटचा तास दुसऱ्यात. फॉर्म भरताना डॉक्टरांनी विचारलं, काय होत होतं? मी म्हटलं, ताप. एवढी शिकलेली मी, पण लेक ओली बाळंतीण होती हे तोंडातून निघालं नाही.

"मग खोडा आणि नीट लिहा! माझी लेक साध्या तापात मोजलेली मला चालणार नाही."

"मला खोडता येत नाही. डॉक्टरांनीच दुरुस्त करायचं. बसा, आलोच."

डबा तसाच ठेवून तो नोंदींच्या प्रती घेऊन निघाला. मी कसली बसतेय! मागोमाग गेले.

डॉक्टर वैतागले. "आता काय फरक पडतो?"

"बाळंतपणात गेली हे वर कळलंच नाही, तर चौकशी कोण करणार, डॉक्टर?"

डॉक्टरांनी कागद ओढला आणि कारण दुरुस्त केलं.

चौकशी झाली. घरी सोडल्यावर तिला तपासायला कुणी आलंच नव्हतं, हे उघड झालं. आता आमच्या भागात नर्स तिसऱ्या दिवशी बाळंतिणीचं दार वाजवते. शहरात बाळंतपणात गेलेल्या बायकांचा त्या वर्षीचा आकडा मात्र अकराचा बारा झाला, म्हणून साहेबांनी याला झापलं. हा म्हणाला, "ती आधीच गेली होती, साहेब. मी फक्त कळवलं."

निरोपाच्या दिवशी नातीला घेऊन गेले. त्यानं तिच्या हातात पेढा ठेवला आणि माझ्यापुढे मृत्यूच्या कारणाचा, देशभरासाठी आलेला नवा फॉर्म सरकवला. "वाचा, मावशी."

मृत स्त्रीचं गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झालं होतं का? होय किंवा नाही. रकाना रिकामा ठेवू नये.

दोनदा वाचलं. मावशी म्हणाला त्याबद्दल या खेपेला टोकलं नाही.