उसवलेला कार्बन

मुलींच्या शाळेत माझ्या थोरल्या नणंदेला सगळ्या शिवणबाई म्हणत. पाचवीपासून वरच्या प्रत्येक मुलीने त्यांच्या हाताखाली काज केलेलं, उसवलेलं आणि पुन्हा केलेलं. वाकडी टीप वन्संना खपायची नाही. त्या ओरडत नसत, नुसती कात्री पुढे करत. मुलीने ती घ्यायची आणि आपलं काम आपणच उसवायचं.

त्यांनी पदवी मात्र रसायनशास्त्रात घेतली होती, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा शाळेत जागा होती ती शिवणाची. "तूर्त हे घ्या, विज्ञानाची जागा झाली की पाहू," असं तेव्हाच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. ते 'तूर्त' इतकं लांबलं की त्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या मागून आलेल्याही झाल्या, आणि वन्संच्या केसांत पांढरं दिसू लागलं. कॉलेजातलं त्यांचं जाडजूड पुस्तक आमच्या बाहेरच्या खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर असे. कधीमधी त्या ते पुसायला म्हणून काढायच्या, उभ्या उभ्या दोन-चार पानं वाचायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं, वाळवी लागली नाही ना ते बघतेय."

आम्ही तेव्हा लाँड्रीवरच्या तीन खोल्यांत राहत होतो: वन्सं, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझे यजमान, मी आणि आमची एकुलती एक लेक. खालच्या इस्त्रीची ऊब फरशीतून वर यायची. थंडीच्या दिवसांत आम्ही सगळे स्वयंपाकघरातल्या एका कोपऱ्यात पाय टेकून बसायचो, कारण बरोबर त्याच्या खाली इस्त्रीवाल्याचं मोठं टेबल होतं. आता ती लाँड्री नाही आणि त्या कोपऱ्यात बसणारी माणसंही राहिली नाहीत. पण अजून थंडी पडली की माझे पाय ती जागा शोधतात.

अशाच एका संध्याकाळी वन्सं शाळेतून आल्या त्या चपला न काढता थेट आत. रसायनशास्त्राच्या बाईंच्या यजमानांची बदली झाली होती, त्या वर्षाच्या मध्येच सोडून चालल्या होत्या. नववीचा वर्ग, म्हणजे आमच्या लेकीचाच, मोठ्या बाईंनी वन्संकडे दिला होता. पण तपासणीपर्यंतच. तपासनीस येऊन तास बघणार, त्यांचं समाधान झालं तर वर्ग वन्संचा. नाही झालं तर बाहेरून कोणीतरी आणायचं आणि यांनी मशीनवर परत जायचं.

"आणि यानंतर काही जागा होणार नाही," वन्सं म्हणाल्या. "माझी तरी."

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "ताई, आता अ‍ॅसिडला अस्तर लावशील."

"लावीन. आधी तुझ्या तोंडाला लावते."

वन्संच्या वाट्याला आलेला पहिलाच धडा अणूच्या रचनेचा होता. शाळेच्या कपाटात मॉडेल म्हणून जे होतं त्याच्या तारा गंजल्या होत्या आणि गोळे कोणीतरी खेळायला नेले होते. मग वन्संनी घरातला बटणांचा डबा जेवणाच्या टेबलावर पालथा केला. कोटाची लाल बटणं एकीकडे, सदऱ्याची पांढरी दुसरीकडे, काचेचे बारीक मणी बशीत. भरतकामाच्या दोन लाकडी रिंगा, एक लहान, एक मोठी. त्यांना कार्बनचा अणू करायचा होता.

अणू म्हणजे काय हे मीही शिकले होते. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर फळ्यावर एक गोल काढत, "याहून लहान काही नाही" म्हणत, आणि पुढच्या धड्याला लागत. गोल सुबक आला की गुण मिळत. त्यामुळे त्या संध्याकाळी सुईत दोरा ओवून देता देता मीच नववीत बसल्यासारखी विचारत होते.

"हे लाल काय?"

"प्रोटॉन. धनप्रभार. सहा आहेत म्हणून तो कार्बन. सात असते तर नायट्रोजन झाला असता, बाकी कितीही सोंगं घेतली तरी."

"आणि पांढरी?"

"न्यूट्रॉन. वजन प्रोटॉनइतकंच जवळजवळ, पण प्रभार नाही. हे दोन्ही मिळून मधलं केंद्रक. आणि हे मणी बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन. ऋणप्रभार. दोन आतल्या रिंगेवर, चार बाहेरच्या. यांना वजन म्हणशील तर नावापुरतं. पण कोण कोणाशी जोडलं जाणार, कोण कोणापासून तुटणार, ते सगळं यांच्या हातात."

"वजन नाही आणि सगळं यांच्याच हातात?" आमचे हे माझ्याकडे बघून म्हणाले. "म्हणजे ही."

"आणि तू न्यूट्रॉन," वन्सं म्हणाल्या. "वजनदार, आणि कशाशी काही देणंघेणं नाही."

लेक हसता हसता ठसकली.

लाल-पांढऱ्या बटणांचा गठ्ठा वन्संनी दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवला, रिंगांच्या मधोमध टांगला, मणी ओवून गाठी मारल्या. फार देखणं झालं ते. वर्गात नेलं तर मुली बाकांवर चढून बघायला लागल्या. ज्या मुलींना विज्ञानाच्या तासाला हटकून डोकं दुखायचं, त्याही मणी मोजू लागल्या. मोठ्या बाईंनी ते आपल्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलं आणि तपासनिसांना फोनवर सांगूनही टाकलं की आमच्या बाईंनी काय सुंदर मॉडेल केलंय, आल्यावर बघालच.

तपासणीच्या आधी वन्संनी त्या धड्यावर एक छोटी चाचणी घेतली. तो शेवटचा तास. यानंतर त्या वर्गावरचा पुढचा तास तपासनिसांच्या समोरच होता. पेपर घरी आले. जेवणं झाल्यावर वन्सं टेबलावर तपासायला बसल्या. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावले, तर लाल पेन्सिल हातात आणि नजर भिंतीवर.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी मोठ्याने वाचलं. एकीने लिहिलं होतं, 'प्रोटॉन लाल असून त्याला चार भोके असतात.' दुसरीने, 'न्यूट्रॉनवर प्रभार नसतो कारण तो पांढरा असतो.' तिसरीने, 'इलेक्ट्रॉन कक्षेतून निसटू नये म्हणून शेवटी गाठ मारलेली असते.' आमचे हे पोट धरून हसत होते. मग आमच्याच लेकीचा पेपर निघाला. 'केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉन दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवलेले असतात.'

"पण आत्या, तूच म्हणालीस ना, एकेरी दोरा टिकणार नाही म्हणून?" लेक रडवेली झाली.

"हसू नकोस रे," वन्सं भावाला म्हणाल्या. "या मुली मूर्ख नाहीत. माझ्याकडे त्या इतकी वर्षं हेच शिकल्या, की बाई दाखवतील तसंच करायचं, टाका इकडचा तिकडे नाही. मी बटण दाखवलं, त्यांनी बटण लिहिलं." पेन्सिल खाली ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या हा उसवायचा."

"उद्या?" माझ्या तोंडून निघालं. "वन्सं, उद्या साहेब यायचेत. त्यांना तो बघू दे, वर्ग तुमचा होऊ दे, मग परवा सावकाश उसवा."

"परवा कोणी मनावर घेणार नाही. साहेबांनी वाहवा केलेली वस्तू खोटी आहे असं मी परवा म्हटलं, तर मुली कोणाचं ऐकतील? प्रोटॉन जन्मभर लाल राहील."

सकाळी त्यांनी मोठ्या बाईंकडून मॉडेल मागून घेतलं आणि काय करणार तेही सांगितलं. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, दाखवा, चार प्रश्न विचारा, मोकळ्या व्हा. जागा तोंडाशी आलीय. घालवू नका."

पुढचं मी लेकीकडून ऐकलं, त्या दिवशी आणि नंतर कितीतरी वेळा. तपासनीस मागच्या बाकावर बसले होते, शेजारी मोठ्या बाई. वन्संनी मॉडेल टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "यात खोटं काय आहे?"

बाईंच्या कामात चूक काढायची म्हणजे काय! मग वन्संनी कात्री पुढे केली, तशीच, शिवणाच्या तासाला करायच्या तशी. "जी सांगेल तिने उसवायचं."

अखेर एक मुलगी उठली. "रंग?"

"बरोबर. प्रोटॉनला रंग नसतो. तो लाल केला मी, ओळखू यावा म्हणून. काप एक."

मग दुसरी उठली, तिने गाठ कापली. मणी घरंगळत खाली गेले आणि चार मुली बाकांखाली शिरल्या. तिसरी म्हणाली, रिंगा खोट्या. "हो," वन्सं म्हणाल्या, "तिथे लाकूड नाही, तार नाही, रूळ नाहीत. ती रेघ आपण काढतो, आपल्याला कळावं म्हणून." मग बटणांचा राहिलेला गठ्ठा हातात उचलून त्यांनी विचारलं, "केंद्रक एवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन कुठे हवेत? या टेबलावर?"

कोणी म्हणालं दाराशी, कोणी म्हणालं मैदानात.

"आणखी पुढे. फाटकाबाहेर, पोस्टाच्या पलीकडे, पार पुलाजवळ. आणि मधे?"

"मधे काय, बाई?"

"काही नाही."

सगळ्या मुली खिडकीबाहेर बघायला लागल्या. लेक सांगते, मागच्या बाकावरच्या साहेबांनीही मान वळवली होती.

शेवटी राहिला दोरा. तो आमच्या लेकीच्या वाट्याचा होता, हे तिला कळत होतं. ती उठली, तिने टाके कापले, बटणं टेबलभर झाली. पण ती जागेवर गेली नाही. "बाई, दोरा नसतो, मग हे एकत्र राहतात कसे? सगळे प्रोटॉन धन. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात ना? मग केंद्रक फुटत का नाही?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले म्हणे.

वन्सं म्हणाल्या, "आत्ता तू अणूबद्दल विचारलंस. चाचणीत तू माझ्या बटणांबद्दल लिहिलं होतंस. ऐका. आणखी एक बळ आहे, या ढकलण्याहून पुष्कळ मोठं. पण ते अगदी जवळ असतानाच चालतं, केंद्रकाच्या आत. जरा दूर झालं की संपलं. आणि न्यूट्रॉनही त्यात हातभार लावतो, तो नुसता बसून खात नाही. याहून खोलात मी सांगू शकणार नाही, ते कॉलेजात शिकाल."

"हे नववीच्या पुस्तकात नाही," मागून तपासनीस म्हणाले.

"नाही, साहेब. पण दोरा कापल्यावर तो प्रश्न यायचाच."

ते वहीत लिहीत राहिले. तास संपला तेव्हा दाखवायला काही उरलंच नव्हतं. मोठ्या बाई व्हरांड्यात वन्संना म्हणाल्या, "घालवलीत ना!"

त्यानंतर काही दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही. आमचे हेसुद्धा थट्टा विसरले. वन्सं शाळेत जात, येत, गणवेशाच्या बाह्या कापत बसत. माझ्या रोजनिशीत त्या दिवसांत हवामान आणि भाजी यापलीकडे काही नाही. एकदा मात्र वन्संनी आपलं ते पुस्तक फळीवरून काढलं आणि कुणाला देऊन टाकण्यासाठी कागदात बांधायला घेतलं. मी दोरा मागे लपवला. "संपला बाई," म्हटलं. त्यांना कळलं असणार. आमच्या घरात दोरा संपतो काय!

मग एका दुपारी मोठ्या बाई शिवणाच्या खोलीत आल्या. तपासनिसांचा शेरा आला होता. मॉडेल पाहावयास मिळाले नाही, अशी तक्रार वर होतीच. खाली लिहिलं होतं की या वर्गातल्या मुली प्रश्न विचारतात, म्हणून वर्ग याच बाईंकडे ठेवावा. मात्र शिवणाला दुसरं कोणी मिळत नव्हतं. तेही वन्संनीच करायचं.

संध्याकाळी वन्सं जिना चढून आल्या. आम्ही तिघं त्या कोपऱ्यात पाय टेकून बसलो होतो.

"मिळाला," त्या म्हणाल्या.

"काय?" हे म्हणाले.

"वर्ग. शिवणासकट."

"म्हणजे सकाळी अणू आणि दुपारी काजं? ताई, तुला गंडवलं त्यांनी."

"गंडवू दे रे," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्यांनी खुर्ची ओढली, लेकीकडे वळल्या आणि चेहरा एकदम बाईंचा केला. "उद्या सोडियम आणि क्लोरीन. इलेक्ट्रॉन कोण देतं, कोण घेतं, वाचून ये. आणि वर्गात आत्या म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार, बाई," लेक म्हणाली आणि त्यांचं ताट घ्यायला उठली.