छप्पन्न की सत्तावन्न

डंबरादेवी ऐरला विचारल्याशिवाय नेपाळातल्या धनगढीच्या त्या वस्तीत कुणी पितरांना पाणी सोडत नसे. कुणाची तिथी कधी, एकादशी कुठली धरायची, सुतक कधी सुटतं, सगळं तिला तोंडपाठ. पंडित गावाला गेला की त्याची बायकोसुद्धा हिच्याकडे यायची. नवरा कतारला, घरात ती आणि मुलगी झूमा. देवाच्या हिशेबात आपली चूक होत नाही, एवढा एकच दागिना तिच्याकडे होता आणि तो ती कधी उतरवत नसे.

झूमाचं वेड वेगळं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात ती पोरांबरोबर चेंडू टाकायची, तोही डाव्या हाताने. सातवीत असताना साउद सरांनी तिला पाहिलं. स्वतःच्या पैशांनी मुलांना क्रिकेट शिकवणारा माणूस.

"हा हात कुणी शिकवला गं?"

"कुणी नाही सर. गवत कापताना उजव्या हाताचं बोट कापलं, तेव्हापासून डाव्याने टाकते."

सरांनी तिला खरा चामड्याचा चेंडू दिला. आमाने, म्हणजे आईने, तो गोठ्यातल्या खुंटीला टांगायला लावला. "गाईचं कातडं ते! घरात आणलंस तर बघ." सरावाहून आली की सोन्याची अंगठी बुडवलेलं पाणी अंगावर शिंपडून घ्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा.

"बळी घेऊन आले तरी शिंपडायचं, आमा?"

"बळी घेतलास तर दोनदा."

जिल्हा झाला, प्रदेश झाला. अठरा पूर्ण झाल्यावर झूमा एकोणीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघात निवडली गेली. आठवडाभर वस्तीत मिठाई वाटली गेली. आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेला साउद सर सायकल लोटत अंगणात आले, तोंड उतरलेलं.

"दिदी, पोरीचं वय जास्त दिसतंय. खेळता येणार नाही म्हणतात."

"जास्त कसं? विक्रम संवत २०६३च्या माघातली, श्रीपंचमीची आहे ती. मी जन्म दिलाय, मला ठाऊक."

"नेपाळी तारीख बरोबर आहे. इंग्रजी चुकलीय. पासपोर्टवर दोन हजार सहा पडलंय, हवं होतं दोन हजार सात. संवतातून सत्तावन्न वजा करायचे ते अर्ध्या पौषापर्यंतच. पुढे इंग्रजी साल बदलतं, मग छप्पन्न. माघाला छप्पन्न."

दोन वर्षांपूर्वी नागरिकत्वाच्या अर्जाला डंबरादेवीच गेली होती. कारकुनाने विचारलं होतं, "इंग्रजी साल कुठलं लिहू?" तिने फटकन सांगितलं होतं, "सत्तावन्न वजा करा." "नक्की ना आमा?" "मी सांगितल्यावर नक्की का म्हणून कुणी विचारत नाही, बाबू." खाली सही तिचीच होती. त्याच कागदावरून पुढे पासपोर्ट निघाला होता.

"एका कागदावर लिहून द्या, अर्ज भरताना चुकलं म्हणून," सर म्हणाले. "अर्ज तुमचा, म्हणून सही तुमचीच लागते. अकरा दिवसांत नावं जायची आहेत. बाकीची धावपळ मी करतो."

कुंपणापलीकडे कलावती बोहरा भांडी घासत होती. तिला हसू आवरेना. "अगं बाई! पोटच्या पोरीचं साल चुकलं? मग दिदी, माझ्या सासऱ्यांची तिथी तरी बरोबर आहे ना? का आम्ही दरवर्षी दुसऱ्याच कुणाला जेवू घालतोय?"

थट्टाच होती ती. पण डंबरादेवीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"उद्यापासून पितृपक्ष," ती सरांना म्हणाली. "पंधरा दिवस मी असल्या कागदाला हात लावत नसते."

झूमाने पाय धरले, रुसून पाहिलं, ओरडूनही पाहिलं. कागद आणि पेन घेऊन ती देवघराच्या दाराशी रोज बसायची.

"आमा, फक्त नाव लिही. कुठला पितर रागावणार आहे?"

"तू मला शास्त्र शिकवू नकोस."

"मग देवालाच विचार, छप्पन्न की सत्तावन्न!"

पाचव्या-सहाव्या दिवशी झूमा पाण्याला गेली असताना डंबरादेवीने पंचांग काढलं. बोटांच्या पेरांवर महिने मोजले, एकदा, दोनदा. छप्पन्नच येत होते. तिने पंचांग लाल फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवलं आणि तुळशीला पाणी घालायला गेली.

अकराव्या दिवशी एकादशी होती. डंबरादेवी निर्जळी राहिली, दिवसभर जप केला. दुपारी सरांचा फोन आला. नावं गेली होती. झूमाच्या जागी पोखऱ्याची एक मुलगी.

घटस्थापनेच्या सकाळी पितृपक्ष सरला होता. डंबरादेवीने कुणी न सांगता सही केली आणि कागद मुलीसमोर धरला. "घे. आता वेळ चांगली आहे."

"चूल पेटव त्याने," झूमा म्हणाली.

दशमीला मुलीला आशीर्वाद द्यायला थाळीत टिका आणि जमरा, म्हणजे घटातले जवाचे कोंब, घेऊन आमा मुहूर्तापासून उन्हं कलेपर्यंत बसून राहिली. झूमा मोठ्या काकांकडून टिका लावून घेऊन तिथूनच काठमांडूच्या बसला बसली.

तिचा हात मात्र थांबला नाही. मार्गशीर्षात थोरल्या संघात जागा मिळाली, पहिलाच सामना थायलंडला. कलावतीच्या अंगणात एका फोनभोवती बायका जमल्या. झूमाने तीन बळी घेतले. तिसऱ्याला सगळ्याजणी ओरडल्या. डंबरादेवीचे डोळे भरून आले, पदर तोंडाशी गेला.

फोनमधला माणूस म्हणाला, "एकोणीस वर्षांची ही डावखुरी गोलंदाज..."

"एकोणीस?" कलावती वळली, या वेळी न हसता. "गेल्या माघात अठरा झाली ना गं? परत चुकीचंच सांगताहेत. सांग की सरांना, अजून दुरुस्त होईल."

सगळ्या बायका डंबरादेवीकडे बघत होत्या. पलीकडे मैदानात झूमा टोपी सारखी करत सीमेकडे चालली होती, पाठमोरी.

"बरोबर सांगतोय तो," डंबरादेवी म्हणाली. "एकोणीसच."