बाई म्हंजी कोण?

चिडक्या माणसाकडं किस्से लवकर साठतात. माझ्याकडं तर एकाच शब्दाचा ढीग आहे: 'बाई'. नव्वदच्या दशकात शिरूरजवळच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला मी एकटीच मुलगी. आमच्या निमोण्याच्या शाळेत बाई आल्या की वर्ग उभा राहायचा. कारखान्यात 'बाई' म्हटलं की मीच उठावं, अशी सगळ्यांची अपेक्षा!

पहिल्याच आठवड्यात कानपूरचे नवे मॅनेजर आले. माझ्या हातात माप घ्यायचं व्हर्निअर, समोर तपासायला त्यांच्याच लाइनचे जॉब, म्हणजे बनवलेले सुटे भाग. म्हणाले, "बाई, दो चाय लाना." त्यांच्या हिंदीत बाई म्हणजे कामवाली, एवढं मला कळत होतं. डोकंच फिरलं.

"सर, चाय कँटीन में. यहाँ सिर्फ रिजेक्शन मिलता है!"

त्या दिवशी त्यांचे चाळीस जॉब परत गेले. मापात नव्हतेच, उगाच नाही!

शिवप्पा फिटर विजापूरकडचा. एकदा तो गाववाल्या हेल्परवर ओरडला, "बायि मुच्चु!" मी तरातरा गेले. "कुणाची बाई काढतोस रे?"

तो घाबरला. "मॅडम, कन्नडमधी बायि म्हंजे तोंड. त्याला तोंड मिट म्हणलो."

आमचे फोरमन आप्पा रिटायरमेंटला आलेले. ते लगेच म्हणाले, "मंग कन्नडच खरी! हिच्याकडं दुसरं हाय काय?"

चार दिवस मी आप्पांशी बोलले नाही.

राजस्थानचा पेंटर भंवर रोज "बाईसा, नमस्ते" म्हणायचा. त्यालाही झापलं. तो म्हणाला, "हमारे यहाँ बहन-बेटी को बाई कहते हैं." राग काढायला नेमका चांगला माणूस सापडला होता!

ऑफिसातल्या क्लार्कनं नोटीस लिहिली: 'साहेबांनी सूचना दिली, बाईने तपासणी केली.'

म्हटलं, "'बाईंनी' लिहा."

"एका टिंबानं काय व्हतंय?"

"मग साहेबांचंही काढा. 'साहेबाने' लिहा!"

त्यानं मुकाट मात्रेची वेलांटी केली, टिंब दिलं. पण इतक्या जोरात, की कागदाला भोक पडलं!

मग एक दिवस प्रेस मशीनवर अपघात झाला. झाडलोट करणाऱ्या मावशींची दोन बोटं गेली. क्लार्कनं रजिस्टरात लिहिलं: 'एक बाई जखमी.' नाव त्याला माहीत नव्हतं. आप्पांनाही नाही. आठ वर्षं त्या तिथं झाडत होत्या! मलाही माहीत नव्हतं, हे जास्त झोंबलं.

मॅनेजर म्हणाले, "बाई ही लिख दो. नाम का क्या करना है?"

मी रजिस्टर हिसकावलं आणि बाहेर पळाले. हाताला फडकं गुंडाळून मावशी जीपमध्ये बसल्या होत्या. त्या मांडवगण फराट्याच्या, एवढंच ड्रायव्हरला ठाऊक.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"कशाला?"

"इथं लिहायचंय."

त्यांनी रजिस्टरकडं पाहिलं. "कृष्णाबाई."

मी लिहायला लागले, तसं दुसऱ्या, धड हातानं त्यांनी माझं पेन धरलं.

"ताई, बाई नगं. निस्तं कृष्णा लिवा."