बर्फात वाढणारा ताड

धामणकर नाक्यामागच्या आमच्या बिल्डिंगमधले शेजारचे काका रोज सकाळी गॅलरीत एका ताडाची पानं ओल्या फडक्याने पुसायचे. खालच्या लूममधून उडणारा कापूस पानांवर बसतो, ते त्यांना बघवत नसे. ताड कुमाऊंच्या डोंगरातला, बर्फातही तगणारा. आता तिकडेही फारसा उरला नाही म्हणतात. काकूंनी यात्रेहून येताना रोप मांडीवर धरून आणलं होतं.

काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "थंडीनं मरायचा न्हाय ह्यो. गरमीचं बघाया लागतं, बस." कुठलंही बोलणं ते असंच 'बस' म्हणून मिटवतात.

काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या खोलीत एसी बसला. उन्हाळ्यात दुपारपुरती कुंडीही तिथे जायची. काकूंच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पडदा कायम ओढलेला.

यंदा होळीनंतर काकू गेल्या. दिवसकार्य उरकलं, पण कुंडी गॅलरीत परत आली नाही आणि भिंतीपलीकडचा एसी काही बंद होईना.

परवा मी डबा द्यायला गेले. भर मे महिन्यात काका काकूंची शाल गुंडाळून अंधारात बसले होते. कुंडी काकूंच्या खाटेवर होती. पानं पिवळी पडली होती.

"काका, उजेड नाही मिळाला तर जाईल हो तो," असं म्हणत मी पडद्याला हात घातला.

ते धडपडत उठले, माझा हात हळूच बाजूला केला.

"नको, बाय. तिच्या डोळ्यांवर ऊन येतं, बस."