विमलचा कागद मी भरला

विमल गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिच्या मुलाचा, प्रकाशचा फोन आला, "मोठी माय, आई गेली." मी "बरं" म्हटलं, फोन खाली ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. बातमी आत उतरायला तेवढा वेळ लागला... त्याला आता दीड महिना होत आला.

विमल माझी धाकटी जाऊ. आदिलाबादकडे, बेल्याजवळच्या आमच्या गावात दोघींची दोन घरं, मधे एक भिंत. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सातवी पास, घरात चार वर्षं जुनी आणि स्वतःला भारी शहाणी समजणारी. त्याआधी शेजारणीच्या म्हशीचं मी तोंडभरून कौतुक केलं आणि आठ दिवसांत म्हैस आटली होती. तेव्हापासून नजर लागण्याच्या खात्याची तहसीलदार मीच! नव्या नवरीला पहिल्याच आठवड्यात हुकूम सुटला, "चांगलं झालेलं तोंडानं बोलू नाही. कोणी इचारलं तर रडगाणंच सांगाचं." विमल हुशार. घरात कापूस ठेवायला जागा नसायची आणि ही दारात उभी राहून सांगायची, "कायची कपाशी वो बाई, सारे बोंडं गळले." पंचनाम्याला साहेब आला की आमचे चेहरे बघण्यासारखे. नंतर भिंतीआड दोघी पदर तोंडात कोंबून हसायचो.

तीस-पस्तीस हंगाम तिनं कापूस वेचला. वेचणारीच्या कमरेला कापडाची ओटी बांधलेली असते, ती भरत जाते तशी पोटाशी लोंबते आणि सगळा भार मागे कमरेवर येतो. पन्नाशीत तिची कंबर धरली, ती सुटलीच नाही. गावातला डॉक्टर गोळ्या द्यायचा, सकाळी एक, संध्याकाळी एक, पुढे पुढे दुपारीही. उठताना ती "माय वो" म्हणायची आणि मी चिडवायची, "माय तुई वणीले, तिले काय आयकू येते?" असली मी.

सहा वर्षांपूर्वी कोणीतरी नागपूरच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. प्रकाशचं सोयाबीन मळणीला आलं होतं, म्हणून आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. तिनं चित्र काढून समजावलं. मणक्याच्या सांध्यांतून दुखणं वर नेणाऱ्या बारीक नसा असतात. आज सुई देऊन त्या काही तास सुन्न करायच्या. तेवढ्या वेळात दुखणं पळालं, तर चोर सापडला. मग पुढच्या खेपेला सुईच्या टोकानं उष्णता देऊन त्या नसा जाळायच्या. वर्षभर तरी आराम, कधी जास्तही. नस पुन्हा वाढली तर पुन्हा जाळता येते. तिनं एक कागद दिला. दर तासाला दुखणं किती ते लिहायचं, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. विमलला सहीपुरतीच अक्षरं येत. पेन माझ्या हातात आलं.

सुई दिल्यावर तासाभरात विमल दवाखान्याच्या आवारातल्या नळाशी उकिडवी बसली, ओंजळीनं पाणी प्याली आणि कुठंही हात न टेकता उठली! कितीक वर्षांत मी तिला तसं उठताना पाहिलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे लग्न होऊन आली होती तेव्हासारखे.

"काय लिवू?" मी हळूच विचारलं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "तुमीच सांगतलं ना आक्का, चांगलं बोलू नाही..." मग म्हणाली, "आठ लिवा."

मी आठ लिहिलं. पुढच्या तासाला ती आवारात भराभरा फेऱ्या मारत होती, मी मागे धापा टाकत. पुन्हा आठ. डॉक्टरीणबाईचं बोलणं मला समजलं नव्हतं असं नाही... समजलं होतं. पण साठी ओलांडलेल्या ह्या शहाणीला वाटलं, पंचनाम्यासारखंच हे. जितकं वाईट दाखवू तितकी लवकर नस जाळतील. आणि दुखण्याच्या कानावरही जायला नको की ते गेलं.

डॉक्टरीणबाईनं कागद पाहिला. "जराही फरक नाही पडला?"

विमलनं मान खाली घातली. मीच शिकवलेला तो चेहरा. "कायचा फरक बाई..."

"मग दुखणं या नसांमधून येत नाही. जाळून उपयोग नाही." तिनं कागद फायलीत ठेवला.

बस पांढरकवड्याला पोचेपर्यंत सुई उतरली. विमल पुढच्या सीटची दांडी धरून म्हणाली, "आक्का, आलं परत." मी खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर मी म्हणायची, "चाल, जाऊन खरं सांगू." ती म्हणायची, "खोटं बोललो म्हून सांगाले? मले लाज वाटते." लाज मलाही होतीच, मीच तर लिहिणारी. कपाशी निघू दे, नातीचं लग्न होऊ दे, असं करत सहा वर्षं गेली. गोळ्या चालू राहिल्या. मागच्या वर्षी पाय सुजले. किडन्या गेल्यात, इतक्या वर्षांच्या गोळ्या हेही एक कारण असू शकतं, असं आदिलाबादचे डॉक्टर म्हणाले. मशीनवर रक्त धुवायला जाताना जीपमध्ये चढायलाही दोघं लागायचे... त्यातही कण्हायची ती कमरेसाठीच.

परवा प्रकाश घराला रंग देत होता, मी जवळच फरशीवर बसले होते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, बसल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक काळपट, गुळगुळीत जागा आहे. तिथं धरून विमल उठायची. मी म्हटलं, "तेवढं सोड."

"काऊन, मोठी माय?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. नळ, कागद, आठ. तो ब्रश धरून उभा. रंगाचे थेंब शहाबादी फरशीवर पडत राहिले.

"मले सांगतलं असतं तर मी नेलं असतं ना," तो म्हणाला, आणि ब्रश डब्यात ठेवून बाहेर निघून गेला.

चौकट अर्धी हिरवी, अर्धी जुनी. बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, उठायला कशाला तरी धरायला हवं होतं. हात त्या जागेपर्यंत गेला... पण मी तिथं धरलं नाही. प्रकाश परत येईपर्यंत तशीच बसून राहिले.